टोपली विणताना हात का बधिर होतो?

मार्कंड्याची महाशिवरात्रीची यात्रा तोंडावर आली की बोटांना मुंग्या येण्याची तक्रार घेऊन भगिनी दवाखान्यात येऊ लागतात. गेल्या खेपेस चामोर्शीकडच्या एका खेड्यातून चाळिशीच्या एक बाई आल्या. घरी बुरुडकाम. "रातच्यानं हात मुंग्यावते जी डॉक्टरसाहेब. झटकला का जरा बरा लागते," एवढेच त्यांचे सांगणे.

इटलीतील डॉ. रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या आजारांवर पुस्तक लिहिले. रुग्णाला त्याचा धंदा विचारलाच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. तसे विचारल्यावर उलगडा झाला. यात्रेत विकायला ४० सुपे करायची होती. दिवाळीपासून धानाची कापणी, बांधणी, मळणी यांत दिवस गेले, मग घरी पाहुणे, मग मुलाची परीक्षा. शेवटचे पंधरा दिवस उरले तेव्हा स्वयंपाक-भांडी आटोपून रात्री नऊ ते एक असे सलग काम केले. हात कुरकुरू लागला तसा बाम चोळून पुढे रेटले.

आपल्या मनगटात तळव्याच्या बाजूने एक अरुंद बोगदा असतो. खाली हाडे, वर जाड पट्टा. त्यातून बोटे वाकविणारे ९ स्नायुरज्जू आणि एक मज्जातंतू जातो. मनगट वाकवून, अंगठ्याच्या चिमटीत कामटी दाबून तासन् तास काम केले की आतील भाग सुजतो. हाड हलत नाही, पट्टा ताणत नाही, म्हणून सगळा दाब त्या नाजूक मज्जातंतूवर येतो. त्याची खूण अशी : अंगठा, पहिले बोट, मधले बोट व अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी शाबूत राहते. त्रास रात्री वाढतो. दोन्ही हातांचे पंजे उलट बाजूंनी एकमेकांना टेकवून, बोटे जमिनीकडे करून मिनिटभर धरा. या बोटांना मुंग्या आल्या तर संशय पक्का समजून तपासून घ्यावे. गरोदरपणात, मधुमेहात व थायरॉईडच्या विकारात हा त्रास लवकर होतो, हेही ध्यानात असू द्यावे. गोधडी शिवणाऱ्या, स्वेटर विणणाऱ्या भगिनींनाही तो चुकत नाही.

मग काम सोडायचे काय? पोटाचे काम सोडा म्हणणे डॉक्टरला सोपे असते. प्रश्न कामाचा नाही, ते शेवटच्या पंधरा दिवसांत कोंबण्याचा आहे. दिवाळी ते महाशिवरात्र हे जवळजवळ चार महिने होतात. दर तीन दिवसांना एक सूप झाले तरी आकडा ४० च्या आसपास जातो. अडचण अशी की घरच्या बाईला मोकळे चार तास कधीच मिळत नाहीत, अर्धा तास मात्र मिळतो. त्या अर्ध्या तासात बसावे, तर कामट्या वाळून कडक झालेल्या असतात, सुरी सापडत नाही आणि कोठवर आलो होतो ते आठवेस्तोवर भात उतू जातो.

म्हणून काम थांबवितानाच पुढची तयारी करून उठावे. लागणारी पुढची कामटी वीणीत अडकवून ठेवावी. उरलेल्या कामट्या ओल्या पोत्यात गुंडाळाव्यात. ओली कामटी मऊ असते, तिला वाकवायला जोर कमी लागतो, म्हणजे मनगटाचेही रक्षण होते. कोरड्या कामटीशी झटापट करणाऱ्यांचेच हात आधी जातात, असे मी पाहिले आहे. कोयत्याने बांबू फोडणे, सुरीने कामटी तासणे, विणणे आणि काठ बांधणे ही चार वेगळी कामे आहेत. ती एकाच बैठकीत न करता आलटूनपालटून करावीत. काठ बांधताना अंगठ्यावर सर्वांत जास्त जोर पडतो, तेव्हा ते सकाळी, हात ताजा असताना करावे. फोडण्याचे काम घरातील गडीमाणसांनी उचलले तर फारच उत्तम. यात्रेत पैसे मोजायला तर सगळेच हजर असतात.

बसायला पाट घ्यावा, पाठ भिंतीला टेकवावी, अर्ध्या तासाने उठून दोन पावले चालावे. चाळिशी उलटल्यावर चष्म्याविना मिणमिणत्या उजेडात विणू नये. बांबूची फास गेली तर साबण-पाण्याने धुऊन, ज्या दिशेने शिरली त्याच दिशेने ओढून काढावी आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आरोग्यसेविकेला सांगावे.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. येथे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. तरुण मुलीचे हातपाय, हाडे अचानक जोरात दुखू लागली तर कामाचा शीण म्हणून सोडू नये; रक्त तपासावे. ज्यांना हा आजार आहे त्यांनी कामाच्या नादात पाणी पिणे विसरू नये, जागरण तर नकोच.

अंगठ्याच्या बुडाचे मांस खंगले, हातातून वस्तू पडू लागल्या किंवा बधिरपणा दिवसभर राहिला तर वाट पाहू नये. अशा वेळी लहानशी शस्त्रक्रिया लागू शकते. त्या बाईंवर ती वेळ आली नाही. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला, महिनाभर काठ बांधणे बंद केले. त्या यात्रेत सुपे २७ च गेली.

चैत्रात त्या पुन्हा आल्या. झोप लागते म्हणाल्या. मोहफुले वेचायला जाऊ का, असे विचारले. वेचायला हरकत नाही, फक्त भरलेले टोपले एका हाताने उचलू नका, दोन खेपा करा, असे सांगितले.