शहरी मैल्याचा गाळ : पारखून घ्यावयाचें सोनखत

सोनखत हा शब्द आपल्या वाडवडिलांनीं उगीच योजलेला नाहीं. आपल्या शेतांतील धान्य व भाजीपाला शहरांत जातो. परंतु त्याबरोबर गेलेलें नत्र व स्फुरद क्वचितच परत येतें. महसुली कारकुनींत आयुष्य गेल्यामुळें मला जमाखर्च ताडून पाहण्याची संवय आहे. जमिनीचा हा खर्च कसा भरून निघेल, तें येथें थोडक्यांत सांगतों.

सांडपाणी शुद्ध करतांना जो गाळ खालीं बसतो, तो कुजवून वाळविला असतां त्याचें खत होतें. समजा, परीक्षणांत त्यामध्यें शेंकडा ३ नत्र व शेंकडा २ स्फुरद निघालें. तर १,००० किलो कोरड्या गाळापासून ३० किलो नत्र व २० किलो स्फुरद मिळेल. त्यांतील नत्राचा कांहीं भागच पहिल्या सालीं पिकास लागू पडतो. बाकीचें सावकाश सुटतें. पालाश मात्र बहुतेक पाण्याबरोबर निघून जातें. तें वेगळें द्यावें. अमेरिकेंतील मिलवॉकी शहर १९२६ पासून असा गाळ भट्टींत वाळवून खत म्हणून विकीत आहे.

तथापि प्रत्येक गाळ शेतांत घेण्याजोगा नसतो. चार वर्षांपूर्वीं मीं एका शहराचा गाळ दोन गाड्या आणून वांग्यांच्या वाफ्यांत टाकिला. कांहीं दिवसांतच तेथें न पेरलेल्या टोमॅटोचें रान माजलें. टोमॅटोचें बीं मनुष्याच्या पोटांतून जिवंत बाहेर पडतें. गाळास पुरेशी उष्णता लागली असती, तर तें मेलें असतें. जेथें बीं जगलें, तेथें जंतांचीं अंडींही जगलीं असण्याचा संभव. कामकरी बायकांच्या हातापायांचा विचार करून मीं तो वाफा मोडला व हंगाम गमावला.

म्हणून अगोदर मूठभर गाळ कुंडींत घालून पाणी द्यावें. टोमॅटो उगवल्यास तो गाळ कच्चा समजावा. मात्र न उगवल्यास तो निर्दोष ठरला, असेंही नव्हे. अमेरिकन नियमांत उघड्या ढिगांतील गाळास १५ दिवस ५५ अंश सेंटिग्रेड उष्णता व त्या अवधींत ५ वेळां ढीग पलटणें आवश्यक मानिलें आहे.

दुसरा धोका कारखान्यांच्या पाण्याचा. त्यांतून येणारें शिसें व कॅडमिअम उष्णतेनें नाहींसें होत नाहीं. तें जमिनींत सांचत जातें. स्वित्झर्लंडनें २००६ पासून शेतांत गाळ टाकणें बंद केलें, त्यामागें अशीच भीति होती. यास्तव धातूंचें परीक्षणपत्रक मागावें. तें न मिळाल्यास गाळ फुकटही घेऊं नये.

यांतून एक तिसरा मार्ग निघाला आहे. गाळाच्या पाण्यांत मॅग्नेशिअमचा क्षार मिसळला असतां स्फुरद व कांहीं नत्र स्ट्रुव्हाइट नांवाच्या खड्यांच्या रूपानें वेगळें होतें. त्यांत जड धातु फारच थोडे येतात. जर्मनीनें २०१७ सालीं नियम करून मोठ्या केंद्रांना २०२९ पासून गाळांतील स्फुरद काढून घेणें बंधनकारक केलें आहे. आपल्या देशास लागणारें स्फुरद बहुतांशीं परदेशांतून येतें. तेव्हां ही विद्या आपल्याही शहरांनीं शिकण्याजोगी आहे.

सारांश, जमिनीचें देणें जमिनीस अवश्य फेडावें. पण खोट्या नाण्यानें नव्हे.