आधी कॅव्हिटीकडे बघ

लॅबमध्ये नवीन आलेला प्रत्येक जण आधी लेझरला कॅव्हिटीशी बांधून ठेवणाऱ्या सर्वोच्या डब्याकडे धावतो. नॉब फिरवला की ऑसिलोस्कोपवर लगेच काहीतरी हलतं, म्हणून तिथे हात शिवशिवतात. तू मात्र आधी कॅव्हिटीकडे बघ. लेझर कॅव्हिटीला लॉक केला म्हणजे तिच्या दोन आरशांमधलं अंतर जसं वागेल तशी त्याची फ्रिक्वेन्सी वागणार. इलेक्ट्रॉनिक्स कितीही उत्तम असलं तरी ते लेझरला कॅव्हिटीपेक्षा जास्त स्थिर करू शकत नाही.

एकदा स्वतःच्या हाताने हिशेब मांड. १०६४ नॅनोमीटरच्या लेझरची फ्रिक्वेन्सी सुमारे २८२ टेराहर्ट्झ. १० सेंटिमीटरच्या कॅव्हिटीची लांबी ०.३५ फेम्टोमीटरने बदलली की ही फ्रिक्वेन्सी १ हर्ट्झने सरकते. प्रोटॉनचा व्यास १.७ फेम्टोमीटरच्या आसपास, म्हणजे प्रोटॉनच्या पाचव्या हिश्शाएवढी हालचाल झाली! हा आकडा मनात बसला की टेबलाला टेकून उभं राहायची सवय आपोआप सुटते.

म्हणून पहिला प्रश्न हा, की कॅव्हिटी कुठे आणि कशावर टेकली आहे? आडवी ठेवलेली काचेची दांडी स्वतःच्या वजनानेही वाकते. दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २१ टक्क्यांवर आधार दिला तर टोकं एकमेकांना समांतर राहतात. हे एअरी बिंदू. पण आरसे समांतर राहिले म्हणजे लांबी बदलत नाही असं नव्हे. म्हणून काही कॅव्हिट्यांना खालून खाचा देतात, काही उभ्या ठेवून मध्यावर धरतात. तुझी कोणत्याही घडणीची असो, तिची खरी परीक्षा टेबल मुद्दाम हलवूनच होते. टेबलाला ठरावीक वारंवारितेने हलका हेलकावा दे, आणि लेझर त्या वारंवारितेला किती प्रतिसाद देतो ते उभ्या व दोन्ही आडव्या दिशांना मोज. आधार एखाद्या मिलिमीटरने सरकवल्यावर हा प्रतिसाद कमी होतो का ते पाहा. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळायला कारणं पुष्कळ सापडतात, पण त्यातून जे मिळतं ते महागड्या टेबलानेही मिळत नाही. टेबलाचंच म्हणशील तर, अमेरिकेतल्या बोल्डरच्या एनआयएसटी या मापन संस्थेतल्या गटाने १९९९ साली १ हर्ट्झपेक्षा अरुंद लेझर दाखवला, तेव्हा त्यांची टेबलं शस्त्रक्रियेत वापरतात तसल्या रबरी नळ्यांवर टांगलेली होती.

मग तापमान. कॅव्हिटीच्या यूएलई, म्हणजे अत्यल्प प्रसरणाच्या, काचेचं प्रसरण एका विशिष्ट तापमानाला शून्य होतं, आणि ते प्रत्येक तुकड्याचं वेगळं असतं. कंपनीच्या कागदावरचा आकडा फक्त सुरुवातीला धर. आरसे फ्यूज्ड सिलिकाचे असतील तर हे तापमान आणखी खाली सरकतं, कधी खोलीच्या तापमानाच्याही खाली. मग कॅव्हिटी थंड ठेवावी लागते. अशा वेळी गारवा व्हॅक्यूमच्या आत राहील असं बघ, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात चेंबरच्या खिडकीवर दव धरेल. शून्याचं तापमान शोधताना घाई करू नकोस. तापमान बदल, पूर्ण बसू दे, दुसऱ्या स्थिर लेझरशी बीट, म्हणजे दोघांच्या फ्रिक्वेन्सींतला फरक, मोज, पुन्हा बदल. बिंदू वक्रावर मांडले की त्याचा माथा किंवा तळ तुला तापमान सांगेल. चांगल्या उष्णता-कवचांमधल्या कॅव्हिटीला बसायला दिवस लागतात. म्हणून वीज जाते त्या गावात तापमान नियंत्रक आणि व्हॅक्यूम राखणारा आयन पंप आधी यूपीएसवर घे. लेझर काही मिनिटांत पुन्हा लॉक होतो, कॅव्हिटीला मात्र पुन्हा तितकेच दिवस द्यावे लागतात.

आता लॉककडे ये. या लॉकच्या पद्धतीमागची पाउंड यांची मूळ कल्पना १९४६ ची, मायक्रोवेव्हसाठी होती. ड्रेव्हर, हॉल आणि सहकाऱ्यांनी ती १९८३ साली लेझरसाठी मांडली. त्यातले ड्रेव्हर पुढे गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगोच्या संस्थापकांपैकी एक ठरले, आणि आज हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला लायगो-इंडिया उभी राहतेय तिथेही ही पद्धत लागणार. लॉकच्या आधी कॅव्हिटीचा फिनेस, म्हणजे तिच्या अनुनादाची रेषा किती धारदार आहे ते, स्वतः मोज. प्रकाश झटकन तोड आणि पलीकडून येणारा उजेड किती वेळात विझतो ते पाहा. १० सेंटिमीटर लांबी आणि ३ लाख फिनेस असेल तर तो सुमारे ३२ मायक्रोसेकंदांत ३७ टक्क्यांवर येतो. वेळ फारच कमी आली तर आरशांवर धूळ आहे असं समज, आणि सर्वोकडे जाऊच नकोस.

लेझर अनुनादापासून किती ढळला ते सांगणाऱ्या एरर सिग्नलची फेज केबलच्या लांबीने जुळवता येते. मॉड्युलेशन २० मेगाहर्ट्झचं असेल तर साधारण अडीच मीटर कोअॅक्सियल केबल म्हणजे पाव चक्र. पण ज्या दोषामुळे लोक महिनोन्महिने चकतात तो वेगळाच आहे. मॉड्युलेशन करणाऱ्या ईओएममधून फेजबरोबर प्रकाशाची तीव्रताही थोडी हलते, आणि त्यामुळे एरर सिग्नलचं शून्य सरकतं. लेझर अनुनादापासून दूर ने आणि एरर सिग्नल तासभर नोंदव. तो जिथे जिथे भटकेल तिथे तिथे लॉक झालेला लेझरही निमूटपणे भटकणार आहे. कॅव्हिटीची रेषा ५ किलोहर्ट्झ रुंद असताना तिच्या दहा हजाराव्या भागाएवढं शून्य हललं तरी अर्धा हर्ट्झ गेला. त्यावर उपाय म्हणजे ईओएमच्या स्फटिकाचं तापमान स्थिर ठेवणं, ध्रुवीकरण नीट जुळवणं आणि जिथे दोन पृष्ठभाग समांतर आहेत तिथे एक जरा तिरका करणं. आत जाणारी पॉवरही कमी आणि स्थिर ठेव, कारण आरशांचा लेप प्रकाशाने तापतो.

आणि हे नीट ऐक, अगं. लॉक लागल्यावर एरर सिग्नल सपाट दिसला म्हणून लेझर स्थिर झाला असं कुणाला सांगू नकोस. तो सिग्नल लूपच्या आतला आहे. विद्यार्थ्याने स्वतःचाच पेपर तपासावा तसं ते होतं. दुसरी कॅव्हिटी हवी, वेगळ्या चेंबरमध्ये, वेगळ्या टेबलावर, तिचा तापमान नियंत्रकही वेगळा. दोघींमधली बीट मोज. दोष कुणाचा हे कळायला तिसरी लागते, तेव्हा तिचीही तजवीज कर. प्रकाश एकीकडून दुसरीकडे नेणारा फायबर काही मीटरचाच असला तरी त्याचा आवाज, म्हणजे फेजचा नॉइज, रद्द कर. एसीच्या झोताने आणि बोलण्यानेही तो हलतो.

सगळं जुळल्यावर उरतो तो आरशांचा स्वतःचा उष्णताजन्य आवाज. नुमाता आणि सहकाऱ्यांनी २००४ साली तो हिशेबात मांडला. कॅव्हिटी लांब करणं किंवा १२४ केल्विनला सिलिकॉन वापरणं हा त्यावरचा मार्ग, पण तो तुझ्या पहिल्या वर्षाचा विषय नाही.

पहिल्या वर्षी रोज सकाळी चार आकडे वहीत लिही. कॅव्हिटीचं तापमान, आयन पंपाचा करंट, पलीकडून येणारी पॉवर आणि बीटची फ्रिक्वेन्सी. यूएलई काच वर्षानुवर्षं आकसत राहते आणि तिचा ड्रिफ्ट जवळपास सरळ रेषेत जातो. ही रेषा एकाएकी वाकली तर आधी तापमानाचा आणि पंपाचा रकाना वाच.