मेडिक्लेम आहे ना, मग काळजी कसली?

सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा 3 लाखांचा मेडिक्लेम होता. आयसीयूतून हलवताना काउंटरवरून सांगण्यात आलं, "मेडिक्लेम आहे ना, मग डिलक्स रूमच घ्या." भाडं दिवसाला 6 हजार. डिस्चार्जच्या वेळी टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेचा कागद आला. त्यात डॉक्टरांच्या व्हिजिटपासून नर्सिंगपर्यंत बऱ्याच रकमा निम्म्याच मंजूर! पॉलिसीत रूमभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे 3 हजार. फक्त वरचं भाडंच खिशातून जाईल, असं कुणालाही वाटेल. पण दुप्पट भाड्याची खोली घेतली, की तिच्याबरोबरचे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. औषधं, स्टेंट, तपासण्या आणि आयसीयूचं बिल मात्र असं कापता येत नाही. कापलं असेल तर सोडू नका, भांडा.

पॉलिसी घेताना हप्त्याच्याही आधी रूमभाड्याची अट वाचा. एजंट काहीही म्हणो, बीपी-शुगर फॉर्मवर लिहाच. जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त 3 वर्षं आहे.

आणि अॅडमिट होतानाच रुग्णालयात सरकारी योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आमच्यासारखे पांढऱ्या रेशनकार्डाचे लोक सासऱ्यांच्या वेळी सहसा बसत नसत. जुलै 2024 पासून बसतात, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही, खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. योजनेतल्या उपचाराला डिपॉझिट मागितलं, तर 155388 वर तक्रार करा.

तरीही योजनेची रक्कम वाढवली म्हणजे आरोग्यव्यवस्था सुधारली, हे मला मान्य नाही. आयसीयूत शेजारी एक आजोबा होते. ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा, मग जिल्हा असं करत रात्रभरात इथे पोचलेले. त्यांच्या मुलाच्या खिशात ईसीजीचा कागद घामाने भिजून लगदा झाला होता. योजनेचं कार्ड त्यांच्याकडे होतं, तालुक्याला त्या रात्री डॉक्टर नव्हता. विमा सरकारी असो की खासगी, तो बिल भरतो. डॉक्टर, नर्स, भूलतज्ज्ञ नेमणं सरकारचंच काम आहे, आणि पैसा आधी तिथे जायला हवा.

आता पुन्हा मेडिक्लेमकडे. क्लेम कापला गेला, तर आधी कंपनीला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही.