प्रवाळ पांढरे का पडतात?

पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंगठीतला तांबडा खडा येतो. पण या लेखात मला सांगायचे आहे ते त्या पोवळ्याविषयी नव्हे, तर उष्ण, उथळ समुद्रात बेटेच्या बेटे उभारणाऱ्या त्याच्या भाऊबंदांविषयी.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याचा एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरचाच. पण तो चुन्याचा सांगाडा रचतो आणि अशा सांगाड्यांच्या थरांतून प्रवाळभित्ती तयार होते. हे काम त्याला एकट्याला झेपणारे नाही. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात. सूर्यप्रकाशात ती अन्न तयार करतात व त्याचा मोठा वाटा यजमानाला देतात. प्रवाळाचा रंगही बराचसा त्यांचाच.

उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हा संसार मोडतो. शैवालांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, ऑक्सिजनची विषारी रूपे निर्माण होतात आणि प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो. मग त्याच्या पारदर्शक देहातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. पाणी लवकर निवले तर शैवाले पुन्हा वसतात. नाहीतर उपासमारीने तो मरतो.

आपल्या देशातील लक्षद्वीप बेटांनी हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली अनुभवले. ही बेटे प्रवाळांनीच घडवलेली, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. भोवतालची भित्ती लाटांचा जोर मोडते, म्हणून तेथील माणसांची घरे आणि गोड्या पाण्याच्या विहिरी सुरक्षित आहेत. प्रवाळ मेले की भित्ती झिजू लागते; समुद्राची पातळी मात्र वाढतच राहते. भित्ती सावरायला दहा-दहा वर्षे लागतात, आणि तेवढी उसंत आता मिळेनाशी झाली आहे.

मानवाने वाढवलेल्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. पृथ्वीचे तापमान १.५ अंशाने वाढले तर ७० ते ९० टक्के प्रवाळभित्ती नष्ट होतील, २ अंशांनी वाढले तर ९९ टक्क्यांहून अधिक, असा अंदाज आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळाने २०१८ साली दिला. अर्ध्या अंशाने असा काय फरक पडतो, असे मला कोणी विचारले तर मी हेच दोन आकडे त्याच्यापुढे ठेवीन.