ही गाडी तयार का उभी आहे?

चि. मृणाल,


तुला हव्या त्या रंगाच्या, त्या मॉडेलच्या गाडीसाठी साताऱ्यात काही महिने थांबावं लागेल आणि इकडे सांगलीत मात्र तीच गाडी उद्या न्या म्हणतात, असं तुझ्या बाबांकडून कळलं. ये की! सव्वाशे-एक किलोमीटरचा तर रस्ता. एके काळी 'प्रिया' स्कूटर खुद्द साताऱ्यात, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात तयार व्हायची, तरी ती घ्यायला सातारकरांना नंबर लावून ताटकळावं लागे. त्या मानाने तुमची पिढी सुखी.

पण निघण्याआधी शोरूमला एक प्रश्न विचार. सगळीकडे वेटिंग असताना ही एकच गाडी तयार का उभी आहे? कारण साधं असू शकतं, कुणाचं कर्ज मंजूर झालं नसेल किंवा कुणी बुकिंग रद्द केलं असेल. मात्र गाडी शोरूममध्ये मांडून ठेवलेली किंवा यार्डात वर्षभर पडून राहिलेलीही असू शकते. सेल्समनच्या गोड बोलण्यावर जाऊ नकोस. चेसिस नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष लेखी मागव. फॉर्म 21 म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर तो महिना लिहावाच लागतो, त्यामुळे टाळाटाळ झाली तर समजून जा. गाडी गेल्या वर्षीची निघाली तर पुढे विकताना तेच वर्ष धरलं जाणार, म्हणून सूट आत्ताच माग.

आता आमच्या गावाचं. विम्याचा सर्व्हेअर म्हणून 2019 च्या महापुरानंतर मी चिखलातल्या गाड्यांतच वावरत होतो. धोक्याची पातळी 45 फूट, आणि आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. 2021 मध्ये पुन्हा पूर आला. कोरी गाडी म्हटल्यावर पाण्याची शंका कुणी घेत नाही, पण पावसाळ्यात यार्डात उभ्या राहिलेल्या गाडीची घ्यावी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, गाळाची रेघ तिथे राहते. सीटखालच्या रुळांना हात लाव, गंज लागतो का पाहा. स्टेपनी उचलून खालचा वास घे. वरून गाडी कितीही चकचकीत धुता येते, या जागा धुणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत.

कर वाचेल या आशेने मात्र येऊ नकोस. जीएसटी तोच, आरटीओचा करही राज्यभर सारखाच. फरक पडतो तो सूट, ॲक्सेसरीज आणि विम्यात, आणि विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते. 'हँडलिंग चार्ज' लावला असेल तर तो कशाचा, हे स्पष्ट विचार. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही आरटीओत नोंदणी करता येते, तेव्हा सांगलीचं एमएच 10 हवं की साताऱ्याचं एमएच 11, हे बुकिंगच्या वेळीच ठरव. कंपनीची वॉरंटी साताऱ्याच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाही चालते. शोरूमने विकलेलं जास्तीचं पॅकेज फक्त त्यांच्याच वर्कशॉपात चालणार असेल, तर दर सर्व्हिसला सांगली गाठावी लागेल. मला आनंदच आहे, पण तुला परवडणार नाही.

बुकिंगच्या पावतीवर चेसिस नंबर लिहून घे. उरलेली रक्कम बँकेतून थेट डीलरच्या फर्मच्या खात्यात जाऊ दे, सेल्समनच्या खात्यावर एक रुपयाही नाही. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानेच बंद आहे, हे बाबांना सांग. त्यांना नोटा मोजून द्यायची फार हौस.

गाडी न्यायला सकाळी ये. पेठनाक्याला हायवे लागला की शेंद्रे-कागल सहापदरीकरणाची वळणं सुरू होतात, आणि अंधारात नव्या गाडीचा अंदाज येत नाही. तासवड्याच्या टोलआधी फास्टॅग चालू आहे ना, ते बघ. विम्याची पॉलिसी हातात पडून नंबरप्लेट लागेपर्यंत गाडी शोरूमच्या फाटकाबाहेर काढू नकोस, मग मुहूर्त टळला तरी चालेल.

तुझा,
मामा