पाळीचा दुसरा दिवस

१. ज्या दिवसांत अंग चोरून वावरायला शिकले, मूल होत नाही म्हणून तपासायला नेमक्या त्याच दिवसांत दवाखान्यात जायचं असतं. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिऑलसाठी रक्त आणि आतून सोनोग्राफी. "अहो, पण मला आलीय," मी दारातच म्हणाले. "म्हणून तर बोलावलंय," डॉक्टर म्हणाल्या आणि पडद्यावर अंडाशयातले बारीक फॉलिकल मोजू लागल्या. इतकी वर्षं जे लपवलं ते कुणीतरी इतक्या शांतपणे बघत होतं, की मला रडू आलं.

२. आकडा हा निकाल नसतो, हे कळेपर्यंत मी खूप झुरले. रक्तातलं एएमएच ०.९ आलं, म्हणजे कमी. वय ३४. रिक्षात बसून मोबाइलवर रिपोर्ट उघडला आणि आता संपलंच असं धरून चालले. पुढे डॉक्टरांनी समजावलं: अंड्यांचा साठा साधारण किती उरलाय आणि आयव्हीएफ केलं तर किती अंडी हाती लागतील, याचा अंदाज एएमएच देतं, पण अंड्यांचा कस त्यातून कळत नाही. नुकताच प्रयत्न सुरू केलेल्या ३० ते ४४ वयाच्या स्त्रियांचा एक अमेरिकी अभ्यास २०१७मध्ये आला. त्यात एएमएच कमी असलेल्यांना दिवस राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळलं नाही. आमचा प्रयत्न जुना होता, तरी त्या रात्री मी झोपले.

३. शरीर घाबरतं आणि रिपोर्टमध्ये ते वेगळंच दिसतं. पाळी थांबल्यावर डाय टेस्ट झाली. एक्स-रेच्या टेबलावर गर्भपिशवीत औषध सोडतात. नळ्या मोकळ्या असतील तर ते पलीकडे पोटात सांडताना दिसतं. माझ्या डावीकडे सांडलं, उजवीकडे नाही. "घरात कुणाला टीबी झाला होता?" असं विचारलं गेलं. आपल्याकडे टीबी गुपचूप नळ्या बंद करतो, हे मला तेव्हा कळलं. दोन महिने मी त्या उजव्या बाजूवर हात ठेवून झोपत होते. मग भूल देऊन दुर्बिणीतून पाहिलं, तर दोन्ही नळ्या मोकळ्या. टेस्टच्या वेळी नळी आखडली, तरी ती बंद असल्यासारखी दिसू शकते म्हणे.

४. हे सांगायला जड जातं. पहिल्याच भेटीत तपासण्या दोघांच्या लिहून दिल्या होत्या. नवऱ्याच्या वीर्यतपासणीची चिठ्ठी फाइलच्या मागच्या कप्प्यात सात महिने पडून होती. त्याने कधी नाही म्हटलं नाही. मीच विचारलं नाही. सुया, डाय, भूल हे सगळं माझं होऊन गेलं आणि त्याची एका डबीची तपासणी शेवटी झाली. शुक्राणूंची हालचाल कमी निघाली. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. मला चीड आली ती स्वतःचीच. दोष माझाच असणार, हे मी न तपासता मान्य केलं होतं.

५. सासूबाईंना सांगायला मी आठवडा लावला. त्यांनी सगळं ऐकलं. मग त्यांच्या थोरल्या जाऊबाईंबद्दल बोलल्या: मूल होत नाही म्हणून त्यांना माहेरी पाठवलं, दिरांनी दुसरं लग्न केलं, दुसरीलाही झालं नाही. बराच वेळ त्या फाइलच्या कडा सारख्या करत बसल्या.

"ही डबीची तपासणी," त्यांनी विचारलं, "तेव्हा होती का गं?"