आगोटीआधी घराची साफसफाई : कुटुंबाच्या आरोग्याची राखण



दिवाळीपूर्वी घर झाडून-सारवून घेण्याची आपली जुनी रीत आहे. ती चांगलीच आहे. पण दिवाळी येते पावसाळा सरल्यावर. ताप, कावीळ, जुलाब घरात शिरतात ते त्याआधीच, आषाढ-श्रावणात. भिवंडी तालुक्यात पडघा, अंबाडी, वज्रेश्वरी या भागांत भात हे खरीपाचे मुख्य पीक. ऐन लावणीत घरातील एक माणूस अंथरुणाला खिळला तर लावणी लांबते, रोपे जून होतात, फुटवे कमी येतात आणि वर दवाखान्याचा खर्च बसतो. म्हणून आगोटीसाठी मीठ-मिरची, सुकी मासळी व सरपण भरताना त्याच वेळी घराची एक कसून सफाई करावी. वैशाखातील कडक ऊन हे त्या कामातील फुकटचे औषध आहे. एकदा पाऊस लागला की ते मिळत नाही.

कामाचा क्रम

सफाई वरून खाली आणि आतून बाहेर करावी. प्रथम कौले शाकारून घ्यावीत. छप्पर गळले की भिंत ओली होते, भिंतीलगतचे धान्य भिजते व त्याला बुरशी येते. नंतर आढ्यावरील जळमटे व चुलीवरची काजळी काढावी. हे काम करताना नाका-तोंडाला फडके बांधावे आणि लहान मुले व दमेकरी यांना बाहेर बसवावे. गोधड्या, वाकळा, उशा दोन-तीन दिवस उन्हात उलटसुलट टाकाव्यात. सारवण अगर फरशी पुसणे सर्वांत शेवटी करावे.

धान्य व उंदीर

पावसाळ्यातील अनेक त्रासांचे मूळ उंदरात असते. उंदीर धान्य खातो, त्याहून जास्त नासवतो. आणि उंदरामागे साप घरात येतो. यासाठी :

१) कणगी, पिंपे रिकामी करून तळाचे जुने दाणे, भुसा व किडे काढून टाकावेत.
२) भात, वाल व इतर धान्य उन्हात खडखडीत वाळवावे. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. वाळवलेले धान्य सावलीत थंड करून मगच भरावे. गरम भरल्यास आत दमटपणा धरतो.
३) पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून साधारण एक हात अंतर सोडून ठेवावीत.
४) बुरशीचा वास येणारे शेंगदाणे व धान्य खाऊ नये, जनावरांनाही घालू नये. धुतल्याने किंवा भाजल्याने त्यातील विष पूर्णपणे जात नाही.
५) उंदरांची बिळे काचेचे तुकडे व सिमेंट घालून बुजवावीत. राहत्या घरात विषारी आमिषाऐवजी पिंजरा लावावा.
६) सरपण व गोवऱ्यांचा ढीग घराच्या भिंतीला लावून रचू नये.

उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत. आधी ब्लिचिंग पावडरचे पाणी शिंपडावे, थोड्या वेळाने ओल्या फडक्याने गोळा करून पुराव्यात व हात साबणाने धुवावेत.

लेप्टोची ओळख

उंदराच्या मुतातील जंतू पावसाच्या पाण्यात मिसळतात व पायाच्या भेगा किंवा जखमेतून शरीरात शिरतात. हा लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली. शहरात पुराने जे घडले, ते भाताच्या खाचरात उतरणाऱ्याच्या बाबतीत दर पावसाळ्यात घडू शकते. म्हणून पायाच्या भेगा आताच बऱ्या करून घ्याव्यात आणि जखम असल्यास ती झाकून किंवा गमबूट घालूनच चिखलात उतरावे. पाण्यात काम केल्यावर पुढील काही दिवसांत एकाएकी ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत वेदना व डोळे लाल होणे ही लक्षणे दिसल्यास अंगावर काढू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे व आपण चिखलात काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळीच औषध मिळाल्यास रोग बरा होतो.

साठलेले पाणी

डेंग्यूचा डास गटारापेक्षा घरातील स्वच्छ पाण्यात वाढतो व दिवसा चावतो. रांजण, टाकी, पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासावे. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात. नुसते पाणी ओतून भागत नाही ते यामुळेच. जुने टायर, फुटके डबे, करवंट्या पावसाआधीच हलवाव्यात.

विहिरीचे पाणी

घरची विहीर असल्यास गाळ काढून घ्यावा. निर्जंतुकीकरणासाठी १,००० लिटर पाण्यास २.५ ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर लागते. गोल विहिरीचा हिशेब असा : व्यास × व्यास × पाण्याची खोली (सर्व मीटरमध्ये) × ७८५ = लिटर. व्यास ३ मीटर व पाणी २ मीटर असल्यास सुमारे १४,००० लिटर पाणी होते. त्यास ३५ ग्रॅम पावडर पुरते. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी विहिरीत सोडून पाणी ढवळावे व एक तास उपसू नये. पाऊस सुरू होऊन पाणी गढूळ झाल्यावर पुन्हा हेच करावे. ब्लिचिंग पावडर व संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. विषारी वायू तयार होतो.

औषधे व बाहेरचे कपडे

सफाईत हमखास सापडणारी वस्तू म्हणजे कोनाड्यातील कीटकनाशकाची अर्धी बाटली. डब्यावरील लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. कोणत्याही रंगाचे औषध धान्याजवळ किंवा स्वयंपाकघरात ठेवू नये. कुलूपबंद पेटीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. औषध दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नये. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे, डब्याला भोके पाडावीत. त्यात तेल किंवा पाणी भरू नये. बीजप्रक्रिया केलेले भात खाण्याच्या भातापासून वेगळे, खूण करून ठेवावे.

आपल्याकडे अनेक घरांतील एखादे माणूस यंत्रमागावर कामाला जाते. तेथील कापसाची धूळ कपड्यांवर घरात येते. ते कपडे बाहेरच झटकावेत व वेगळे धुवावेत. फवारणीचे कपडे तर इतर कपड्यांत कधीच मिसळू नयेत.

ही सारी कामे घरातील बाईच्या एकटीच्या अंगावर टाकू नयेत. पहिला दिवस छप्पर व आढे, दुसरा धान्य व बिळे, तिसरा पाणी, औषधे व अंगण, अशी वाटणी करून सर्वांनी हात लावल्यास तीन दिवसांत काम उरकते. आषाढात घरची सगळी माणसे एकत्र खाचरात उभी असली, म्हणजे या तीन दिवसांचे चीज झाले असे समजावे.